दुसरं हक्कसोडपत्र

दोन हजार चार सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी यानुशनं कारखान्यात खाऊ आणला. बटाटेवड्याएवढे गोल, तळलेले, वर साखर भुरभुरवलेले पाव. चहाच्या खोलीत ज्याला त्याला हाताला धरून बसवून त्यानं ते खायला घातले.

ऑकलंडमध्ये पेनरोजला गालिचे विणायचा तो कारखाना. सहा माग, आणि सहाही मागांचा वैद्य एकटा यानुश. इथं त्याच्या कामाला लूम ट्यूनर म्हणत. विभावरी मनातल्या मनात त्याला जॉबरच म्हणायची, कारण तिच्या इचलकरंजीत माग दुरुस्त करणारा तो जॉबर. यानुश आपणहून कुणाशी बोलायचा नाही. माग बिघडला की यायचा, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मागाच्या सांगाड्याला टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि जे करायचं ते करून निघून जायचा. चौदा वर्षं असंच चाललं होतं. त्यानं खाऊ आणला म्हणजे मुलीचं लग्न ठरलं असणार, असं विभावरीला वाटलं.

ठरलं होतं ते त्याच्या देशाचं. शनिवारी पोलंड युरोपच्या संघात सामील झाला होता. त्याच्याबरोबर आणखी नऊ देश. आता ह्या नव्या देशांच्या माणसांना आपल्याकडे काम करू द्यायचं की नाही, हे जुन्या देशांनी आपापलं ठरवलं होतं. ते समजावून सांगायला यानुशनं चहाचे मग टेबलावर मांडले. हा निळा मग म्हणजे जर्मनी, आमच्या भिंतीला भिंत लागून. दार बंद, कदाचित सात वर्षं. हा ऑस्ट्रिया, तोही बंद. आणि हे लांबचे तीन, इंग्लंड, आयर्लंड, स्वीडन. ह्यांनी पहिल्या दिवसापासून दार उघडलं.

विभावरीला गंमत वाटली. म्हणाली, शेजाऱ्यानंच दार लावून घेतलं की. यानुश म्हणाला, शेजाऱ्याला आपण किती जण आहोत ते माहीत असतं.

तीन नंबरच्या मागावर काम करणारी सीना, सामोआची, चांगली धिप्पाड बाई. तिनं तोंडातला घास न संपवताच विचारलं, मग तू चाललास की काय. यानुशनं बोटांची साखर पुसली आणि टेबलावरचे मग गोळा करून बेसिनमध्ये ठेवले.

जूनमध्ये त्यानं नोटीस दिली. धाकटा भाऊ आयर्लंडला पोचला होता आणि तिथं याच्यासाठीही काम बघून ठेवलं होतं. आई ऐंशीची, गावी एकटी. आयर्लंडहून शुक्रवारी निघून तिच्या हातचं जेवून रविवारी परत येता येतं. न्यूझीलंडहून जायचं तर दोन दिवसांचा प्रवास आणि वर्षाची रजा. सप्टेंबरअखेर जाणार म्हणाला.

कुठं तरी लांब कुणी तरी कागदावर सही करतं आणि इथल्या एका स्टुलावरचा माणूस उठतो, असं विभावरीच्या मनात आलं. त्या स्टुलाचा आपल्याशी काही संबंध असेल हे मात्र तिच्या डोक्यात आलं नाही.

ती मेंडिंगला होती. मागावरून उतरलेला गालिचा तिच्या उतरत्या टेबलावर यायचा. जिथं लोकरीचा झुपका बसायचा राहिला असेल तिथं वाकड्या सुईनं तो बसवायचा, हे तिचं काम. सात वर्षं तेच. कुठला गालिचा कुठल्या मागावरून आला हे ती नंबर न बघता सांगायची. मागांपासून तिचं टेबल चांगलं लांब होतं, तरी कुठला माग आज कुरकुरतोय हे तिला बसल्या जागी कळायचं. आवाज अडवणारी कानांवरची मफ काढायची नाही असा कारखान्याचा नियम होता. ती डाव्या कानावरची थोडी मागं सरकवून बसायची आणि मॅनेजर ग्रेम दिसला की पुढं ओढायची.

हे कान तिला वडिलांमुळे मिळाले होते. पांडुरंग जॉबर म्हणजे इचलकरंजीत मोठं नाव. पण मागांच्या आवाजात राहून त्यांचे कान चाळिशीतच गेले. ज्या जॉबरला ऐकू येत नाही त्याला काम कोण देणार? म्हणून नऊ वर्षांची विभा डबा घेऊन त्यांच्या मागोमाग शेडात जायला लागली. बाबा मागाशी खाली बसायचे. ती डबा धरून उभी राहायची आणि फ्रॉकच्या घेराआड बोटं दाखवायची. एक बोट म्हणजे डावीकडं. दोन म्हणजे उजवीकडं. मूठ म्हणजे खाली, धोटा ढकलणाऱ्या दट्ट्याशी. बाबा बोटं बघून पाना लावायचे आणि मालक म्हणायचा, पांडबा, तुझ्या कानाला तोड नाही.

पुढं बाबांचे हातही थरथरायला लागले. तेव्हा घरच्या चार मागांची सगळी दुरुस्ती तीच करायची, शेडाचं दार आतून लावून घेऊन. बायका कांडी भरत, वहिफणीला बसून धागे ओवत, त्यात कुणाला काही वाटायचं नाही. पण बाई मागाला पाना लावते हे दिसलं असतं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दारात गेलं असतं.

यानुशच्या नोटिशीनंतरच्या आठवड्यात ग्रेम तिच्या टेबलापाशी आला. चांगला माणूस होता, पण त्याचा चेहरा बघवत नव्हता. असले माग जाणणारी माणसं ह्या देशात आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, आणि ती म्हातारी आहेत, म्हणाला. बाहेरून माणूस आणावा लागणार. तू मागांच्याच गावची ना, तुझ्या ओळखीचं कुणी आहे का?

आणि विभावरीच्या तोंडून भाच्याचं नाव निघून गेलं.

गणेश, तिच्या भावाचा मुलगा. एकोणतीस वर्षांचा, हाताला चांगला, स्वभावानं गरीब. नाव सांगताना तिला एक क्षणही विचार करावा लागला नाही. घरात काही चांगलं आलं की आधी भावाच्या घरचं पोर आठवायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते तिच्या अंगातच होतं. ग्रेमनं नाव लिहून घेतलं आणि तो सुटल्यासारखा हसला. स्वीट अॅज, म्हणजे झकास, म्हणाला.

त्या संध्याकाळी पापाटोएटोच्या घरून इचलकरंजीला फोन गेला. काशिनाथ, तिचा धाकटा भाऊ, म्हणाला, ताई, तू देवासारखी आलीस. आठ दिवसांत गणेशचा पासपोर्टाचा अर्ज गेला, पेढे वाटले गेले, आणि गावात ज्यानं त्यानं ऐकलं की काशिनाथचा पोरगा न्यूझीलंडला चाललाय. विभावरीचे यजमान चंद्रहास ईस्ट टामाकीला एका गोदामात होते. त्यांनाही बरं वाटलं. मुलगी उत्तरा फार्मसी शिकत होती. तिनं एवढंच विचारलं की गणेशदादा तिची खोली घेणार का.

पण कायदा आडवा आला. परदेशातून माणूस आणायचा तर आधी इथं जाहिरात द्यायची, कारखान्यात विचारायचं, आणि इथला कुणी लायक माणूस मिळत नाही असं ग्रेमनं लिहून द्यायचं. मगच पुढचा कागद हलायचा. सूचनाफलकावर एक पान लागलं. दोन आठवडे ते तसंच होतं. रोज आठ वाजता विभावरी त्याच्यासमोरून जायची आणि वाचायची. मागाचा आवाज ऐकून दोष ओळखता आला पाहिजे. पिढीजात मागांचा अनुभव. गरज पडल्यास एकट्यानं निर्णय घेता आला पाहिजे. तिसऱ्या दिवशी तिला वाटलं, हे कुणाचं तरी वर्णन आहे. पाचव्या दिवशी ती फलकाकडं न बघता गेली.

त्याच आठवड्यात यानुश एक दिवस गाडी विकायच्या कामाला गेला होता. दुपारी तीन नंबरचा माग वेगळं बोलायला लागला. विभावरीनं ते सुई हातात असताना ऐकलं. ठोका पडल्यावर मागोमाग एक बारीकशी टकटक, दारावर कुणी संकोचून वाजवावं तशी. थोड्याच वेळात गालिच्यात रेघ उमटणार हे तिला कळलं. ती उठून सीनाजवळ गेली. सीनानं माग थांबवला आणि म्हणाली, उद्या बघेल यानुश. विभावरीनं उद्याची वाट बघितली नाही. तिनं पर्समधून बाबांच्या मागावरचा जुना लाकडी धोटा काढला. त्याचं एक टोक झिजून गोल झालं होतं. न्यूझीलंडला आली त्या दिवशी विमानतळावर लाकडात कीड आहे का म्हणून त्या धोट्याला तासभर भिंगाखाली ठेवलं होतं, इतका तो त्या अधिकाऱ्याला संशयास्पद वाटला होता. धोट्याचं टोक सांगाड्याला, दुसरं कानाला. सीनाला तिनं माग हळू चालवायला लावला. मग खाली वाकून हात घातला. उजवीकडचा एक नट अर्धा फेरा सुटला होता.

सगळं मिळून वीस मिनिटं गेली. सीना म्हणाली, मी काही बघितलं नाही. पण हसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यानुश सरळ मेंडिंगच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. तीन नंबरला हात कुणी लावला, म्हणाला. विभावरीनं खोटं बोलायचं ठरवलं होतं, पण त्याच्यासमोर ते जमलं नाही. मी, म्हणाली. बराच वेळ तो तिच्या हातांकडं बघत राहिला. मग हळूच विचारलं,

"मग तुझा भाचा कशाला येतोय?"

एवढं विचारून तो निघून गेला. त्या दिवशी तिनं तीन झुपके चुकीच्या रंगाचे बसवले आणि सगळे उसवून परत बसवले.

दोन आठवडे संपले. एकही अर्ज आला नाही. शुक्रवारी ग्रेमनं तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर कागद होता. सात वर्षांपूर्वी नोकरीच्या अर्जात तिनं मागांचा वीस वर्षांचा अनुभव लिहिला होता, तो कारखान्याच्या वकिलाच्या नजरेत आला होता. तेव्हा फक्त औपचारिकता म्हणून, ग्रेम म्हणाला, तुला ह्या जागेत रस नाही असं तू लिहून दे, म्हणजे तुझ्या भाच्याचं काम मार्गी लागेल. खाली एक ओळ छापलेली होती. ही जागा मागण्याची माझी इच्छा नाही. त्याखाली सहीसाठी रेघ. त्यानं स्वतःचं पेन तिच्यापुढं केलं.

पेन हातात घेतलं आणि विभावरीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीतला वास आला. शाई, खळ, आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची चटणी. त्र्याऐंशी साल. बाबांना जाऊन चार महिने झाले होते. शेड आणि चार माग काशिनाथच्या नावावर करायचे होते, त्यासाठी तिचं हक्कसोडपत्र लागत होतं. तिला कुणी धाक घातला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. फक्त मंगळवारी कचेरीत यायचं एवढं सांगितलं होतं. कारकुनानं चष्म्यावरून बघत विचारलं, बाई, राजीखुशीनं सही करताय ना? तिनं मान डोलावली. घरी गेल्यावर वहिनीनं हिरवी इरकल साडी आणि खण दिला, ओटी भरली. साडी छान होती. फार वर्षं नेसली. पण नंतर कधीही माहेरी गेली की शेडाशी ती पाहुण्यासारखी थांबायची, आत यायला कुणी तरी म्हणेपर्यंत.

आज ह्या ग्रेमनं तेवढंही विचारलं नव्हतं, राजीखुशीनं का. त्याला बिचाऱ्याला प्रश्नच पडला नव्हता.

तिनं पेन खाली ठेवलं. कागद घरी नेते म्हणाली, सोमवारी देते.

पापाटोएटोच्या गाडीत खिडकीशी बसून तिनं तो कागद दोनदा वाचला. घरी चंद्रहासांच्या हातात दिला. त्यांनी वाचला आणि म्हणाले, सही करून टाकायची, त्यात काय. तिनं तीन नंबरच्या मागाची गोष्ट सांगितली. यानुश काय म्हणाला तेही सांगितलं. चंद्रहास वाईट माणूस नव्हते. नीट ऐकून घेतलं, मग म्हणाले, हे बघ विभा, तुझी आता फार तर दहा वर्षं नोकरी राहिली. गणेशचा जन्म मार्गी लागेल. आणि तुला तिथं तेलात हात घालायची हौस कशाला? काशिनाथाला काय तोंड दाखवणार?

उत्तरा सोफ्यावर पुस्तक घेऊन बसली होती. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. मान वर न करता म्हणाली,

"मम, डू यू वॉन्ट इट?"

चंद्रहास म्हणाले, प्रश्न तिला हवं असण्याचा नाहीये. उत्तरा म्हणाली, बट डज शी?

विभावरी स्वयंपाकघरात गेली आणि कणीक मळायला घेतली. एकावन्न वर्षांच्या आयुष्यात हा प्रश्न तिला असा उघड कुणी विचारला नव्हता, आणि तिनं स्वतःलाही नाही. उत्तर तिला ठाऊक होतं. फलकावरचं पान तिसऱ्या दिवशी वाचलं तेव्हापासून ठाऊक होतं. आतापर्यंत तिनं ते फ्रॉकच्या घेराआड धरलं होतं, एवढंच. गणेशचं दार बंद होणार हेही तिला दिसत होतं. ते दिसत नाही असं दाखवायचं नाही, हेही तिनं कणीक मळता मळताच ठरवलं. पोळ्या झाल्या, सगळे जेवले, आणि तिनं भावाला फोन लावला. इचलकरंजीत दुपार होती. मागं कुठंतरी माग चालू होते.

काशिनाथनं उचलल्या उचलल्या विचारलं, ताई, गेला का कागद?

"कागद जाणार नाही, काशी. ती जागा मी मागतीय."

"कुठली जागा?"

"जॉबरची."

तो आधी हसला. चेष्टाच वाटली त्याला. मग हसू हळूहळू थांबलं.

"अगं, पन्नाशी उलटली तुझी. पाना तरी उचलंल का?"

"तुला तरी कुठं उचलत होता? बाबा असताना घरचे माग कोण लावत होतं?"

"ते घरातलं झालं. हे सगळ्या गावाला ठाऊक झालंय. पोरगं तोंड कसं दाखवंल?"

"गावाला पोरानं नाही सांगितलं. तू सांगितलंस."

"लई शिकलीस तिकडं जाऊन."

"तिकडं नाही शिकले. शेडात शिकले, आपल्या."

पलीकडं मागांचा आवाज तेवढा येत राहिला. मग काशिनाथ खालच्या आवाजात म्हणाला, सख्ख्या भावाच्या पोराच्या तोंडचा घास काढतीस ताई. हे शब्द येणार हे तिला ठाऊक होतं. तिनं गॅसचा ओटा घट्ट धरून ठेवला होता.

"एकदा दिलाय मी घास, काशी. शेड दिली, माग दिले. तेव्हा तुम्ही मला विचारलंही नव्हतं, मी पण काही बोलले नाही. आता ह्या कागदावर सही मागतायत, म्हणून सांगतीय. नाही."

फोन काढून घेतल्याचा आवाज आला. गणेश होता. त्यानं आत्या म्हटलं आणि विचारलं की तिथले माग हातानं लावायचे आहेत की कॉम्प्युटरवर. हातानं, ती म्हणाली. जुने आहेत.

"मग तुला जमतंय," गणेश म्हणाला, आणि फोन बंद झाला. त्यानं ठेवला की फोनकार्डावरची मिनिटं संपली, हे तिला कळलं नाही.

चंद्रहास दारात उभे होते. शनिवार-रविवार फारसे बोलले नाहीत. पण रविवारी संध्याकाळी त्यांनी गॅरेजमधून आपले जुने, पोलादी टोकाचे सेफ्टी बूट काढले, पुसले आणि तिच्या चपलांशेजारी ठेवले. पुढं कापूस घाल, एक नंबर मोठे आहेत, म्हणाले.

सोमवारी तिनं कागद ग्रेमपुढं ठेवला. सहीची रेघ कोरी होती. मागच्या बाजूला तिनं स्वच्छ अक्षरात अर्ज लिहिला होता, उत्तरानं दोन ठिकाणी इंग्रजी सुधारून दिलेला. ग्रेमनं तो वाचला, डोकं खाजवलं. वाईट वाटून घेऊ नकोस विभा, म्हणाला, पण हे जड काम आहे, पार्ट वीस-वीस किलोचे असतात, आणि मी सगळी तयारी केलीय. तुझ्याच भाच्यासाठी केलीय.

विभावरी बसली नव्हती. उभ्यानंच बोलली, आणि इंग्रजीत इतकं सरळ वाक्य तिच्या तोंडून ह्याआधी कधी निघालं नव्हतं.

"तुम्हाला ह्या कागदावर लिहायचंय की इथं कुणी नाही. मी इथं आहे."

ग्रेम कागद उलटसुलट करत राहिला. सही करणाऱ्यानं खोटं लिहिलं तर काय होतं हे त्याला वकिलानं समजावलं असावं. पण तेवढंच नव्हतं. सात वर्षं जिच्या टेबलाजवळून रोज जात होता तिच्याकडं त्यानं पहिल्यांदा नीट बघितलं. शेवटी यानुशला बोलावलं. ठरलं असं की तीन आठवडे तिनं यानुशच्या हाताखाली काम करायचं, मग यानुश परीक्षा घेईल. पास झाली तर तीन महिने कच्ची नोकरी. नाही तर भाच्याचा कागद पुढं जाईल.

ते तीन आठवडे तिच्या कमरेला आणि मनगटांना पुढं वर्षभर आठवत होते. सुटायचं नाव न घेणाऱ्या नटाशी ती पहिल्याच दिवशी हरली. दुसऱ्या दिवशी तिनं पान्याच्या दांड्याला लांब पाइप घातला आणि सगळं वजन टाकलं. नट आला. ही बाबांची युक्ती. यानुश म्हणाला, माझ्याही बापाची. त्याचा बाप त्यांच्या गावच्या गिरणीत होता हे तिला सात वर्षं मुक्या राहिलेल्या त्या माणसाकडून तेव्हा कळलं. जड पार्ट उतरवायला तिनं छताची साखळी-कप्पी वापरायला सुरुवात केली. यानुश कधी वापरायचा नाही. सीना म्हणाली, त्याची पाठ त्यामुळंच गेलीय.

परीक्षेच्या दिवशी यानुशनं तीन नंबरचा माग आपल्या हातानं बिघडवला आणि बाहेर जाऊन सिगरेट पेटवली. ग्रेम हातात मग घेऊन उभा. विभावरीनं डाव्या कानावरची मफ मागं सरकवली. ग्रेमनं तोंड उघडलं आणि परत मिटलं. तिनं धोटा लावून ऐकलं आणि डावीकडची बाजू उघडली. चुकली. तिथं सगळं ठीक होतं. ती बाजू बंद करण्यात चाळीस मिनिटं गेली. घाम कानामागून मानेवर येत होता. चंद्रहासांच्या बुटात कापूस गोळा झाला होता.

मग तिनं काय केलं, तर माग बंद केला आणि नुसती उभी राहिली. डबा धरून उभी राहायची तशी. माग परत चालू करायला लावला. ह्या वेळी धोटा लावला नाही. ऐकता ऐकता तिच्या उजव्या हाताची मूठ आपोआप मिटली. मूठ म्हणजे खाली. ती बुटांसकट गुडघ्यांवर बसली.

एक तास चाळीस मिनिटांनी माग सुरळीत चालायला लागला. यानुश आत आला, स्क्रूड्रायव्हर कानाला लावून माग ऐकला, मग ग्रेमला म्हणाला, हळू आहे.

"हळू हे सुधारतं," यानुश म्हणाला. "बहिरं सुधारत नाही."

सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी तो गेला. इथं कुणी लायक नाही असा तो कागद ग्रेमनं कधी लिहिला नाही.

ऑक्टोबरात आयर्लंडहून यानुशचं पत्र आलं, मोडक्या इंग्रजीत, सगळ्यांना मिळून. आईकडं एकदा जाऊन आला होता. कारखाना मोठा आहे, आणि त्याच्याच देशाची बाराजणं तिथं आहेत. त्याच्या मशीनवर आधी फिलिपीन्सचा एक माणूस होता. आता युरोपातलेच लोक मिळतात म्हणून त्याचं परमिट पुढं वाढवलं नाही. त्याचा डबा अजून माझ्या कपाटात आहे, यानुशनं लिहिलं होतं, फेकवत नाही. विभावरीनं ते पत्र चहाच्या खोलीत वाचून दाखवलं, त्या ओळीशी थोडी थांबली, आणि पूर्ण वाचलं. गणेशला कोल्हापूरला नव्या मिलमध्ये नोकरी लागली होती, हे तिला वहिनीकडून कळलं होतं. काशिनाथ मात्र फोनवर येत नव्हता.

भाऊबीज आली. दर वर्षी त्या दिवशी काशिनाथ फोन करायचा, सात वर्षांत एकदाही चुकला नव्हता. विभावरीनं दिवसभर फोन खिशात ठेवला. साडेतीनला पाळी संपली, तिकडं सकाळचे आठ झाले असणार. फोन वाजला नाही. तिनं ठरवलं, एकानं नाही केला तर दुसऱ्यानं करायचा. दोन बोटांना अजून तेल होतं. ती तीन नंबरच्या मागाशेजारीच उभी होती आणि तिथूनच तिनं कार्डाचे आकडे दाबले. सीना दुसऱ्या पाळीच्या बाईला माग सोपवत होती.

काशिनाथनंच उचलला. तिनं आवाज चढवून म्हटलं, काशी, ओवाळते रे, तिथूनच टिळा लावून घे. तो हं म्हणाला. ती फोन कानाला लावून उभी राहिली. ठेवायचा नाही, कार्ड संपलं तर संपलं.

"मागं कशाचा आवाज येतोय?" त्यानं विचारलं.

"मागाचा. तीन नंबर. माझाच आहे."

तो ऐकत राहिला. मग त्याच्या नेहमीच्या, मोठ्या माणसाच्या आवाजात म्हणाला,

"डावीकडं काही तरी ढिलं वाटतंय."

विभावरी हसली. फोन तिनं मागाच्या आणखी जवळ नेला, मिनिटभर तसाच धरला, आणि परत कानाला लावला.

"काही ढिलं नाही, काशी. सकाळीच बघितलंय मी."